ऑकलंड म्हणजे उत्तनच्या बाराशे तीस फेऱ्या

आमच्या गिरिजा सोसायटीतल्या कोणाच्याही माणसाचं विमान जगात कुठेही उतरलं, तरी पहिली खबर दत्ताराम मांडवकरांना असते. पायलटला दुसरी. तळमजल्यावरच्या चंपाबेनचा मुलगा नैरोबीहून निघाला, की त्या मुलाला फोन करत नाहीत. दार उघडून जिन्यातून वर हाक मारतात, "दत्ताभाई, माझा दीकरा कुठपर्यंत आला?" आणि तिसऱ्या मजल्यावरून उत्तर येतं, "समुद्रावर आहे. एकशे ऐंशी फेऱ्या राहिल्या."

फेऱ्या म्हणजे उत्तनच्या. नवीन माणसाला हे समजावून सांगावं लागतं. मांडवकर बावीस वर्षं पालिकेच्या बससेवेत टाइमकीपर होते. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला एका चौकीत बसायचे आणि राई, डोंगरी करत उत्तनला जाणारी बस कितीला सुटली, कितीला परत आली ते लिहायचे. स्टेशन ते उत्तन, त्यांच्या मते, दहा किलोमीटर. खरं अंतर जरा इकडेतिकडे असेल, पण ते त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती नाही. दहा किलोमीटर म्हणजे एक फेरी, आणि जगातलं कुठलंही अंतर फेऱ्यांत सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात शिरत नाही. नैरोबी साडेचारशे फेऱ्या. विमानतळ तीन फेऱ्यांना थोडा कमी. पृथ्वीला वळसा घालायचा तर चार हजार फेऱ्या, "म्हणजे आमच्या एका बशीचं आठ महिन्यांचं काम. त्यात काय एवढं?"

मी नीलिमा, त्यांच्या समोरच्या दारात राहते. दादर सोडून इथे राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या दिवशी ट्रकमधून सामान उतरत असताना हे गृहस्थ वर आले, माझ्या हातातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "चार मिनिटं पुढे आहे." नाव नंतर सांगितलं. मी काही फार सोशिक बाई नाही. ते घड्याळ मी मुद्दाम अजून तसंच ठेवलंय.

या माणसाचे दोन नियम. पहिला: आपण कोणाला वेळ विचारायची नाही, लोकांनी आपल्याला विचारायची. दुसरा: उशिरा आलेली बस माफ, लवकर आलेली नाही. "उशिरा येणाऱ्याकडे कारण असतं," ते सांगतात. "लवकर येणाऱ्याकडे नुसती मस्ती असते." चौकीवर असताना वेळेआधी आलेली बस ते स्टँडच्या अलीकडे उभी करून ठेवायचे. आतले लोक शिव्या घालायचे, कोळणी टोपल्या आपटायच्या, एकदा तर एक वऱ्हाड नवऱ्यासकट खाली उतरून चालत गेलं. पण कागदावर आठ पाच म्हणजे आठ पाच. बावीस वर्षांत त्यांच्या हातून वेळेची एकही चूक झाली नाही, असं ते म्हणतात, आणि झाली असती तरी ती त्यांनी कबूल केली असती असं मला वाटत नाही.

आता एवढ्या विमानांचा हिशेब ठेवणारा माणूस स्वतः विमानात बसला असेल? नाव नको. लेक नेहा न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये राहते. लग्न होऊन सहा वर्षं झाली, ती आणि जावई यतीन दोघंही या या म्हणून थकले. मांडवकरांचं उत्तर ठरलेलं: सोसायटीचं पाणी कोण सोडणार? सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सातला टाकीचा वॉल्व्ह तेच फिरवतात. वॉल्व्ह फिरवायला काही बावीस वर्षांचा अनुभव लागत नाही, हात लागतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. मला वाटायचं, घाबरतात. त्यांची बायको, शेवंतीवहिनी, मला एकदा म्हणाल्या, "घाबरत न्हाईत हो. वेळ दुसऱ्याच्या हातात गेलेली ह्यांना चालत न्हाई." रत्नागिरीकडचं साधं माणूस, पण नवऱ्याला ओळखून आहे.

मग नेहाला दिवस गेले. बाळंतपणाला आईने यायचं हे ठरलं, वहिनींचा पासपोर्ट निघाला, व्हिसा झाला, आणि यतीनने तिकीट काढून पाठवलं. सहा जानेवारी, मंगळवार. सकाळी साडेअकराला मुंबई, मध्ये सिंगापूर, मग ऑकलंड. बदलता न येणारं तिकीट. यतीन गुणी मुलगा आहे, पण तिकडच्या कॅलेंडरवर संकष्टी छापत नाहीत. आणि ही नुसती संकष्टी नव्हती. मंगळवारची, म्हणजे अंगारकी.

इथे शेवंतीवहिनींबद्दल सांगायला हवं. नेहाच्या वेळी त्यांचे फार हाल झाले होते. आई वाचेल का मूल, असं डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे. त्या दिवसापासून त्यांनी संकष्टी धरली, ती अठ्ठावीस वर्षांत एकदाही मोडली नाही. बाकीच्या संकष्ट्यांना पावसाळ्यात चंद्र दिसला नाही, तर त्या आपल्यासारख्याच कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ बघून जेवतात. पण अंगारकीला नाही. अंगारकीला चंद्र डोळ्यांनी बघायचा, मगच तोंडात घास. एका जुलैमधल्या अंगारकीला आभाळ गच्च भरलेलं होतं, तर बाई सकाळी सहाला ढग फाटल्यावर जेवल्या. आणि आता लेकीच्या बाळंतपणाला निघायचं, तेच अंगारकी मोडून? "मी न्हाई जायची," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी धरलेला उपास हिच्याकडे जाताना मोडला, आणि काय उलटसुलट झालं, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

यावर हसायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मांडवकर म्हणाले, "चंद्र दिसला की झालं ना? मग वेळ मी काढून देतो."

आणि आमच्या सोसायटीत पंधरा दिवस जे काही चाललं, त्याला माझ्याकडे शब्द नाही. त्यांनी शाळेचा जुना जगाचा नकाशा मिळवला. दोरा लावून अंतर मोजलं. मुंबई ते सिंगापूर तीन हजार नऊशे किलोमीटर, साडेपाच तास. सिंगापूर ते ऑकलंड आठ हजार चारशे, पावणेदहा तास. एकूण बाराशे तीस फेऱ्या. मग ताशी वेग काढला, तो पहिल्या विमानाचा सातशे आणि दुसऱ्याचा साडेआठशेच्या वर आला, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की पहिल्या गाडीवरचा पायलट नवीन असणार. चंपाबेननी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मग दत्ताभाई, दुसऱ्या पायलटला आधी द्यायला सांगा ना." त्यावर त्यांनी खरंच विचार केला.

शेवटी वेळापत्रक तयार झालं. एका पानावर, निळ्या शाईत, पट्टीने रेघा मारून. प्रत्येक थांब्यापुढे दोन वेळा: आपली आणि तिकडची. सिंगापूरची वेळ आपल्या अडीच तास पुढे, ऑकलंडची साडेसात तास. मुंबई सुटणार साडेअकरा. सिंगापूर पोचणार आपले पाच, तिकडचे साडेसात. दुसऱ्या विमानात चढायला सुरुवात आपले साडेआठ, तिकडचे अकरा. सुटणार आपले नऊ वीस. आणि त्याच्या खाली लाल शाईत: चंद्रोदय नऊ बावीस. म्हणजे विमान सुटल्यावर दोन मिनिटांनी. वहिनींची जागा मधली होती, खिडकी मिळाली नव्हती. म्हणून पुढे कंसात सूचना: "विमान सुटताच उठून मागच्या दाराशी जाणे. दाराला काच असते. चंद्र पाहणे. डबा उघडणे."

मी म्हणाले, "भाऊ, विमान सुटताना कोणाला उठू देत नाहीत. पट्टा बांधून बसवतात."

"बाळंतपणाला चाललेय म्हणावं," ते म्हणाले. "बाईमाणूस आहे, सोडतील."

वेळापत्रकाची एक झेरॉक्स लिफ्टशेजारी लागली, एक त्यांच्या घरातल्या भिंतीवर. लोक येता-जाता वाचायचे. वहिनींनी ते आठ वेळा वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. नवऱ्याने वेळ लिहून दिली म्हणजे झालं. मनगटावरचं घड्याळ वाटेत कुठेही बदलायचं नाही, भाईंदरचीच वेळ ठेवायची, असं त्यांना बजावलं होतं. एवीतेवी तिकडच्या वेळा कागदावर होत्याच.

मंगळवारी पहाटे पाचला टॅक्सी निघाली, साडेअकराच्या विमानासाठी. मी आणि चंपाबेन खाली उभ्या. वहिनींच्या अंगावर नवीन पंजाबी ड्रेस, पहिल्यांदाच घातलेला, आणि त्यावर मोठं मंगळसूत्र. हातात तळणीच्या मोदकांचा स्टीलचा डबा. न्यूझीलंडला घरचं खाणं उतरू देत नाहीत, त्यामुळे ते मोदक उतरायच्या आत संपवायचे होते. वहिनी इतक्या हसत होत्या की रडताहेत हे मला उशिरा कळलं.

मांडवकर त्यांना विमानतळाच्या दारापर्यंत सोडून दहाला परत आले. डायरी उघडून फोनच्या नकाशावर विमानाचा सरकणारा ठिपका बघत बसले. संध्याकाळी विमान सिंगापूरला उतरलं, तेव्हा त्यांनी लिहिलं: पाच चार. चार मिनिटं उशीर. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगितलं नव्हतं? नवीन पायलट."

अंगारकीची आरती दर वेळी त्यांच्याकडेच असते. वहिनी नव्हत्या, तर मी करायची असं ठरलं होतं. पाण्याचा वॉल्व्ह फिरवून मांडवकर वर आले, आम्ही सात-आठ बायका जमलो, सव्वासातला आरती सुरू झाली. टाळ्यांचा आणि झांजांचा गजर चालू असताना त्यांचा फोन वाजला. वहिनींचा व्हिडिओ कॉल. नेहाने त्यांना परदेशात चालेल असं पॅक घालून दिलं होतं, आणि रोज लेकीशी बोलून बोलून त्यांचा हात चांगला बसला होता. मांडवकरांनी फोन गणपतीपुढे धरला, म्हणजे त्यांनाही आरती मिळाली. प्रसादाची वाटी फिरली. मग वहिनी म्हणाल्या, "अहो, ऐका ना. इथे एक चंद्र आहे."

प्रसादाची वाटी होती तिथेच थांबली.

"कसला चंद्र?" मांडवकरांनी विचारलं.

"असा काय विचारता? चंद्र. मोठ्या काचेतून दिसतोय. हे बघा."

फोन फिरला. आधी कोणाचे तरी बूट दिसले, मग एक झाड कुंडीतलं, मग काळं आकाश आणि खाली धावपट्टीचे दिवे. आणि त्या दिव्यांच्या थोडं वर, एक पिवळट, डाव्या-उजव्या कुठल्यातरी अंगाने चेपलेला गोळा. आम्ही सगळ्या एकमेकींच्या खांद्यांवरून बघत होतो. चतुर्थीचा चंद्र तो. मी तो अठ्ठावीस नाही तरी पंचवीस वर्षं बघत आलेय, फसायची नाही.

मांडवकरांनी आपल्या घड्याळात बघितलं. सात चाळीस. मग ते उठून खिडकीशी गेले आणि पूर्वेकडे बघितलं. तिथे समोरच्या इमारतीतली कपडे वाळत घातलेली दोरी होती, बाकी काही नाही.

"नाही उगवलेला," त्यांनी येऊन सांगितलं.

"अहो पण इथे दिसतोय."

"नऊ बावीसला आहे."

"मला पण तेच वाटलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर फोन केला. हा आजचाच आहे ना? कालचा राहिलेला वगैरे नसेल?"

चंपाबेन पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळल्या. मला हसू इतकं आलं होतं की निरांजन हातातून खाली ठेवावं लागलं. पण मांडवकर हसले नाहीत. त्यांचा चेहरा चौकीवरचा झाला होता.

"वेळेआधी आलाय," त्यांनी निकाल दिला. "थांब तू. डबा उघडू नको. नऊ बावीस झाल्यावर बघू."

"बरं," वहिनी म्हणाल्या. सकाळपासून एक केळं आणि कपभर दूध पोटात गेलेली बाई, समोर चंद्र, मांडीवर मोदकांचा डबा, आणि म्हणते बरं.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "भाऊ," मी म्हणाले, "तुम्ही चंद्राला स्टँडच्या अलीकडे उभा करणार आहात का?"

"वेळ म्हणजे वेळ, नीलिमाताई."

"अहो, साडेआठला त्यांना विमानात घालतील. मधली जागा. दिवे बंद, पट्टे लावलेले. नऊ बावीसला त्यांना कोण उठू देणार? हा चंद्र हुकला तर त्या उद्या दुपारी ऑकलंडला उपाशी उतरतील, आणि तिथे भर दुपारी कुठला चंद्र दाखवणार? अंगारकी मोडेल ती. तुमच्या कागदामुळे मोडेल."

हे मी फोनसमोर बोलायला नको होतं. वहिनींनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मोडेल?" त्या म्हणाल्या. "अहो, मोडेल का?" आणि इतक्या दुरूनही कळत होतं की त्यांच्या डोळ्यांपुढे विमान नव्हतं, मोदक नव्हते, दवाखान्यातली लेक होती.

चंपाबेननी मध्ये तोंड घातलं. "दत्ताभाई, चांद दिखता है ना? मग खाने दो बिचारीको. भगवान काय घड्याळ घालून बसलाय?"

"कॅलेंडरवर छापलंय," मांडवकर म्हणाले, पण आवाज थोडा खाली आला होता.

मी भिंतीवरून त्यांचं वेळापत्रक काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा. सिंगापूर पोचणार, आपले पाच, तिकडचे साडेसात. बरोबर? चढायला सुरुवात, आपले साडेआठ, तिकडचे अकरा. बरोबर? सगळ्या ओळींपुढे दोन वेळा लिहिल्यात तुम्ही. चंद्रोदयापुढे एकच का?"

ते म्हणाले, "चंद्र कुठे प्रवास करतोय?"

"तो नाही करत. त्या करताहेत. कॅलेंडरवरचे नऊ बावीस मुंबईतल्या माणसाला. त्या मुंबईत नाहीत. तुम्ही विमानाच्या सगळ्या वेळा पुढे केल्यात, आणि चंद्राला भाईंदरच्या डेपोत ठेवलाय. त्या पूर्वेला गेल्यात ना? पूर्वेच्या माणसाला तो आधी दिसणार. तुमच्याच बशीची गोष्ट आहे, भाऊ. राईच्या स्टॉपवरच्या माणसाला बस आधी दिसते, उत्तनच्या माणसाला नंतर. म्हणून राईवाल्याने बसमध्ये चढायचं नाही का, उत्तनची वेळ होईपर्यंत?"

मला स्वतःलाही वाटलं नव्हतं की मी इतकं चांगलं बोलू शकते. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मांडवकरांनी कागद हातात घेतला. लाल ओळीवरून बोट फिरवलं. मग खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. सात बावन्न झाले होते. मला त्यांची कीव आली, खरंच सांगते. दोन मिनिटांपूर्वी मी त्यांना फाडून खात होते, आणि आता वाटायला लागलं, की कोणीतरी दिवे घालवा म्हणजे या माणसाला कोणी बघणार नाही.

"कागद चुकलाय," ते शेवटी म्हणाले.

फोनमधून वहिनी म्हणाल्या, "कागद कोणी लिहिला?"

हे त्यांनी टोचून विचारलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण ज्याने लिहिला त्यानेच चुकला म्हटल्याशिवाय त्यांनी मोदक उघडले नसते.

"मी लिहिला," मांडवकर म्हणाले. "माझं चुकलं, शेवंती. दोन वेळा लिहायला हव्या होत्या. चंद्र बरोबर आहे. माझी वेळ चुकली."

मी त्यांच्या समोर अकरा वर्षं राहतेय. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आणि काय सांगू, छत पडलं नाही, घड्याळं थांबली नाहीत. चंपाबेननी हळूच टाळी वाजवली आणि स्वतःच लाजल्या.

"मग म्हणा ना," वहिनी म्हणाल्या.

"काय म्हणू?"

"असं काय? दरवेळी तुम्हीच गच्चीवर जाऊन बघता, आणि वरून ओरडता. ते ऐकलं की मी वर येऊन बघते, आणि पान वाढते. तुमच्या हाकेआधी मी कुठे एकदा तरी वर आलेय? तुम्ही म्हटल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई."

मांडवकरांनी घसा साफ केला. समोर आठ बायका, हातात फोन, खिडकीबाहेर चंद्राचा पत्ता नाही. "आला गो," ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून परत म्हणाले, मोठ्याने, गच्चीवरून म्हणतात तसं. "आला."

वहिनींनी फोन कुठेतरी टेकून ठेवला. पाण्याची बाटली घेतली, दोन थेंब हातावर घेऊन काचेकडे बघत खाली सोडले, डोळे मिटले. शेजारच्या बाकावरचे कोणी गोरे आजोबा त्यांना बघून उगाचच आदराने सरळ बसले. मग डबा उघडला. पहिला मोदक संपायच्या आतच इकडे घरात एवढा गलका झाला, की खालच्या मजल्यावरचा माणूस विचारायला वर आला, बाळ झालं का म्हणून. कोणी झांज वाजवली. चंपाबेननी त्या माणसाला प्रसाद दिला आणि सांगितलं, "बाळ नाही, चांद झाला." मी इतकी हसले की माझ्या बरगड्या दुखायला लागल्या, आणि त्यातच रडले. मला एवढंच कळत होतं की वहिनी आता पोटभर खाऊन लेकीकडे जाणार.

"किती घेतलेस?" मांडवकरांनी विचारलं.

"दहा," वहिनी तोंडात घास असताना म्हणाल्या. मग डब्यात बघून थांबल्या. "अहो, आपण दोघं खातो तेवढेच घेतले मी. तुमचे पाच पण इथेच आलेत. आता हे कोण खाणार?"

वहिनींनी त्या आजोबांना एक देऊ केला. त्यांनी घेतला, चावला, आणि भुवया वर केल्या. साडेआठला वहिनींच्या विमानाची रांग लागली. "चला, जाते," म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

बायका आपापल्या घरी गेल्या. माझा स्वतःचा उपास होता, तो भाईंदरच्या चंद्रावर सुटायचा होता. नऊ वीसला मी ताट झाकून गच्चीवर गेले, तर मांडवकर आधीच तिथे. कठड्याला टेकून उभे. त्यांनी फोनवर दुसऱ्या विमानाचा ठिपका लावला नव्हता. डायरीही आणली नव्हती. आमच्या पूर्वेला दोन नवे टॉवर झाल्यापासून चंद्र वेळेवर उगवला, तरी दिसायला अर्धा तास जास्त लागतो, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. आम्ही दोघं त्या टॉवरांकडे बघत उभे राहिलो.

"चार मोदक उरले," ते एकदम म्हणाले.

"हं," मी म्हणाले.

"तिकडे गेल्यावर फेकून देतील. नियम आहे त्यांचा."

"खातील त्या वाटेत. किंवा वाटतील."

त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "नीलिमाताई, पासपोर्ट यायला किती दिवस लागतात?"

मी कठडा धरला. खरं तर मला ओरडून चंपाबेनला बोलवायचं होतं, पण तोंड आवरलं. "सांगता येत नाही, भाऊ," मी म्हणाले. "तीन आठवड्यांत येतो कधी. कधी महिना, कधी दीड. पोलीस चौकशीला कधी येतात त्यावर आहे. नक्की असं कोणी सांगत नाही."

"नक्की नाही?"

"नाही."

टॉवरच्या कडेला उजेड पसरायला लागला होता. दत्ताराम मांडवकरांनी मनगटाकडे बघितलं नाही.

"चालेल," ते म्हणाले. "नक्की नसलं तरी चालेल."